जिल्हा परिषद शाळांसाठी फेलोशिप सुरू करताना: निवड कोणाची, काम कोणतं आणि दोन वर्षांनी पाहायचं काय?

प्रश्न असा आहे: "आमची छोटी संस्था एका तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांबरोबर काम करते. पुढच्या वर्षी १२ तरुणांसाठी दोन वर्षांची फेलोशिप सुरू करायची आहे. देणगीदारांना 'शिक्षणातल्या समतेसाठी नेतृत्व' घडवायचं आहे. निवड कशी करावी, प्रशिक्षणात काय असावं आणि नेतृत्व तयार झालं हे ओळखायचं कसं?"

अशा फेलोशिपांची निवड, फेलोंना मार्गदर्शन आणि नंतरचा पाठपुरावा हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच आहे. दोन वर्षं संपून फेलो गेला की त्याने उभं केलेलं काम गावात कोणाच्या हाती राहणार? हे आधी ठरलं तर निवड, प्रशिक्षण आणि मोजमाप यांची उत्तरं सापडत जातात. ते न ठरवता सुरुवात केली, तर संस्थेला कमी पैशात राबणारी माणसं मिळतात, शाळेला रिकाम्या वर्गावर उभं राहणारं कोणीतरी मिळतं आणि फेलोला एक प्रमाणपत्र मिळतं. मुलांच्या वाट्याला मात्र दोन वर्षांनी पुन्हा तोच रिकामा वर्ग येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. तुमच्या तालुक्यात शिक्षकांची किती पदं रिक्त आहेत, गटशिक्षणाधिकारी सहकार्य करणारे आहेत का, मुलांच्या घरची भाषा मराठी आहे की कोरकू, गोंडी, भिली, घरची माणसं ऊसतोडीला जातात का, यावर तपशील बदलतील. माझा अनुभव मुख्यतः ग्रामीण आणि आदिवासी भागातला आहे. शहरातल्या महापालिका शाळांसाठी यातलं सगळंच्या सगळं लागू पडेल असं नाही.

आता फेलोशिपमागचा हिशेब पाहू. आज शिक्षणातली फेलोशिप म्हटलं की जे चित्र डोळ्यासमोर येतं, ते बरंचसं अमेरिकेतून आलेलं आहे. वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात ही कल्पना मांडली आणि १९९० मध्ये सुमारे ५०० पदवीधरांना घेऊन 'टीच फॉर अमेरिका' सुरू झालं. आपल्याकडे २००९ मध्ये मुंबई आणि पुण्यात 'टीच फॉर इंडिया' सुरू झालं. तिथे फेलो दोन वर्षं पूर्णवेळ वर्ग सांभाळतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या गांधी फेलोशिपने वेगळी वाट धरली. तिचे फेलो सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांबरोबर काम करत. या कार्यक्रमांचा भर दीर्घ पल्ल्यावर आहे. चांगल्या पदवीधराने उमेदीच्या काळात ही विषमता जवळून पाहिली, तर पुढे तो प्रशासनात, उद्योगात, राजकारणात कुठेही गेला तरी शिक्षणाच्या बाजूने उभा राहील, असा तो विचार आहे. देशभरातून माणसं निवडणाऱ्या आणि हजारो माजी फेलो असलेल्या संस्थेला हे परवडतं. एका तालुक्यात १२ जण घेणाऱ्या संस्थेला परवडत नाही. तुमचे १२ च्या १२ जण पुढे मोठ्या पदांवर गेले आणि तालुका होता तिथेच राहिला, तर तुमचं काम झालं असं मी म्हणणार नाही. म्हणून तुमची फेलोशिप त्याच तालुक्यात राहू शकणाऱ्या माणसांवर उभी करा, असं माझं ठाम मत आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत. ते मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना अधिक कळतील, हे त्यांचं कारण होतं. वरच्या थरातल्या थोड्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारी समज त्यांनी त्याच निवेदनात खोडून काढला. फेलोशिपच्या निवड समितीत बसताना मी हे निवेदन समोर ठेवते. झिरपण्याचा तो समज आजही आपल्या निवडीच्या निकषांत लपून बसलेला असतो. इंग्रजी सफाईदार हवं, नामांकित महाविद्यालयाची पदवी हवी, गटचर्चेत छाप पडली पाहिजे, हे निकष लावले की ज्या मुलीने तांड्यावरून रोज चालत जाऊन बारावी केली, ती अर्जाच्या पहिल्या पानावरच गळते.

अमेरिकेतलंच एक वेगळं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन्स आयलंडवर १९५७ च्या जानेवारीत कृष्णवर्णीय प्रौढांसाठी एक वर्ग सुरू झाला. मतदार नोंदणीसाठी वाचता येणं आवश्यक होतं आणि याच अटीचा वापर करून त्यांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं. शिक्षिका व कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क आणि प्रौढांना सामाजिक कामासाठी तयार करणाऱ्या हायलँडर लोकशाळेच्या मंडळींनी या वर्गासाठी शिक्षिका निवडली ती बर्निस रॉबिन्सन. त्या व्यवसायाने केशरचनाकार होत्या, शिक्षिका नव्हत्या, आणि निवडीमागे नेमका हाच विचार होता. शिकवण्याच्या ठरीव पद्धतीत न अडकता लोकांचं ऐकून घेईल अशी व्यक्ती हवी होती. रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी जमलेल्यांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचं आहे? कोणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. त्यातून अभ्यासक्रम तयार झाला. त्या वर्गातून पुढे असे वर्ग चालवणारी माणसं तयार झाली आणि ही नागरिक शाळांची चळवळ दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पोचली. फेलोशिपच्या माहितीपत्रकात नेतृत्वाची व्याख्या लिहिताना आपण ज्या शब्दांसाठी अडतो, ते सगळं या एका वर्गात आहे.

तर निवड कशी करायची? मुलाखतीवर फार विसंबू नका. उमेदवाराला एक पूर्ण दिवस शाळेत घेऊन जा. सकाळी चौथीतल्या एका मुलाबरोबर बसून त्याला वाचता येतं का ते पाहायला सांगा. 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरतात तसं साधं साधन पुरे: अक्षरं, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. मूल अडखळल्यावर उमेदवार काय करतो ते नीट बघा. काही जण लगेच दुरुस्त करतात, काही जण वाट बघतात, काही जण मुलाला विचारतात की हे घरी काय म्हणतात. दुपारी शाळेत न येणाऱ्या एखाद्या मुलाच्या घरी जायला सांगा. संध्याकाळी शिक्षकांना विचारा की दिवसभर हा तुमच्याशी कसा वागला. जो उमेदवार शिक्षकांबद्दल तुच्छतेने बोलतो, त्याला मी घेत नाही, बाकी तो कितीही हुशार असो. समतेच्या कामात शिक्षक शत्रू ठरला की मुलासाठी उरतंच कोण?

गट मिश्र असावा. डी.एड. करून भरतीची वाट पाहणारे तरुण, शिकून, लग्न होऊन गावात आलेल्या सुना, वस्तीवरच्या पहिल्या पिढीच्या पदवीधर मुली, आणि एक-दोन बाहेरचे. बाहेरची माणसं अगदी टाळू नका. गावाने ज्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, त्यांवर प्रश्न विचारायला ती उपयोगी पडतात. पण ती अल्पसंख्य असावीत.

स्पर्धा परीक्षा देणारे फेलोशिपला मधला टप्पा समजतात, अशी तक्रार तुमच्या कानावर येईल. मला त्यात काही वाईट दिसत नाही, फक्त त्यांच्याशी आधीच मोकळेपणी बोला. अभ्यासाला वेळ मिळेल, पण शाळा उघडी असताना तुम्ही शाळेत असाल, एवढं ठरलं तरी पुरतं.

मानधनाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण समतेची पहिली परीक्षा इथेच होते. मानधन घर चालेल इतकं नसेल, तर फक्त घरून पैसे मिळणारी मुलंच येतील. मग जाहिरातीत काहीही लिहिलं तरी निवड झालेली यादी सधन घरांचीच असेल. प्रवासखर्च वेगळा द्या. मानधन दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्या. घरी कमावणारी एकटी असलेल्या मुलीसाठी एका महिन्याचा उशीर म्हणजे नोकरी सोडण्याचं कारण असतं. मुलींच्या मुक्कामाची, संध्याकाळच्या एसटीची आणि लहान मूल असलेल्या फेलोच्या सोयीची चर्चा निवडीच्या आधी करा. १२ जणांसाठी एवढे पैसे नसतील तर सहाच घ्या. सहा जणांना नीट मानधन आणि नीट मार्गदर्शन मिळणं हे १२ जणांच्या ओढाताणीपेक्षा केव्हाही चांगलं.

आता जिथे बहुतेक आखणी तोकडी पडते तिकडे येते. आपण माणूस घडवण्यावर खर्च करतो, पण तो ज्या जागी जाणार त्या जागेचं काय? बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची असा करार होता. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. एवढं शिक्षण घेतलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. कचेरीत अस्पृश्यतेची वागणूक, पारशी सराईतून हाकलून दिलं जाणं, आणि शेवटी बडोदं सोडून जाणं. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि ती मिळवणारा असामान्य होता, तरीही जागा बदललेली नव्हती. वस्तीवरच्या मुलीला तुम्ही फेलो म्हणून त्याच गावच्या शाळेत पाठवता, तेव्हा तिला कोण खुर्ची देईल आणि कोण नाही, याचा विचार संस्थेने आधी करायला हवा. तो तिच्यावर सोडायचा नाही.

आम्ही काय करतो ते सांगते. गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र फेलोच्या नावाने घेतो, संस्थेच्या नावाने घेत नाही. पहिल्या दिवशी संस्थेचा वरिष्ठ माणूस बरोबर जातो आणि मुख्याध्यापकांसमोर फेलोची ओळख तिच्या कामासह करून देतो. एका केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटात, एकटा फेलो ठेवत नाही, किमान दोघं. जातीवरून किंवा बाई म्हणून अपमान झाला तर कोणाला फोन करायचा आणि पुढे संस्था काय करेल, हे लेखी असतं. शाळेशी असलेले संबंध बिघडतील म्हणून तक्रार दाबायची नाही, हे संस्थेच्या विश्वस्तांकडून आधीच वदवून घ्या. ते ऐन वेळी बोलणं अवघड असतं.

काम काय द्यायचं, यावर माझा एकच आग्रह आहे: फेलोला रिक्त पदाची भरपाई करू देऊ नका. शिक्षक कमी असलेल्या शाळेत मुख्याध्यापक पहिल्याच आठवड्यात म्हणतील, मॅडम, दुसरी-तिसरी तुम्हीच घ्या. त्यांची अडचण खरी आहे आणि समोर मुलं बसलेली असतात, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर येतं. पण फेलोने वर्ग पूर्ण उचलला की ते पद भरण्याची निकड संपते आणि दोन वर्षांनी मुलं दुप्पट अडचणीत येतात. दिवसातला एखादा तास, तोही शिक्षकाच्या बरोबरीने, इतपत ठीक. उरलेला वेळ रिक्त पदाचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वर पोचवण्यात गेला, तर तेही फेलोचंच काम आहे.

ही समिती हे फेलोचं खरं कार्यक्षेत्र आहे असं मला वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. कागदावर बहुतेक शाळांत हे सगळं असतं. प्रत्यक्षात सह्या घरोघरी फिरवून घेतल्या जातात. आमच्या एका फेलोने फक्त सभेची वेळ बदलून घेतली. सकाळी अकराची सभा संध्याकाळी सातला, वस्तीजवळच्या समाजमंदिरात घेतली, कारण मजुरीवर जाणाऱ्या बायका अकराला येऊच शकत नव्हत्या. तिसऱ्या सभेपर्यंत त्या बोलू लागल्या. पहिला मुद्दा शौचालयाच्या पाण्याचा होता, दुसरा असा की मुलांना घरच्या बोलीवरून वर्गात हसतात. दुसरा मुद्दा कोणत्याही अहवालात आलेला नव्हता. फेलोने त्यावर भाषण केलं नाही. तिने शिक्षकांबरोबर बसून घरच्या बोलीतल्या शब्दांचे तक्ते बनवले आणि त्यासाठी त्या बायकांनाच शाळेत बोलावलं. आज ती फेलो दुसऱ्या तालुक्यात आहे. सभा अजून संध्याकाळी सातलाच होते.

प्रशिक्षणाचं थोडक्यात. सुरुवातीचं निवासी शिबिर दहा-बारा दिवसांचं पुरे. त्यात वाचन शिकवण्याच्या पद्धती, शिक्षण हक्क कायदा, आणि जात, लिंग, भाषा यांवर प्रामाणिक बोलणं असावं. खरं शिक्षण नंतर होतं. दर पंधरवड्याला सगळे फेलो एकत्र बसतात, एक जण अडलेला प्रसंग मांडतो आणि बाकीचे सल्ला न देता आधी प्रश्न विचारतात. एका मार्गदर्शकाकडे सहापेक्षा जास्त फेलो नसावेत आणि त्याने महिन्यातून किमान एकदा प्रत्येकाच्या शाळेत अख्खा दिवस बसावं. पत्र लिहिणं, सभेचं इतिवृत्त लिहिणं, केंद्राच्या शिक्षण परिषदेत दहा मिनिटं मांडणी करणं, अधिकाऱ्याशी आदर राखून असहमत होणं, ही कौशल्यं सरावानेच येतात. प्रत्येक फेलोच्या हाती एक छोटा निधी द्या आणि तो कसा खर्चायचा हे त्याने गावाबरोबर बसून ठरवू द्या. निर्णय घ्यायची संधी कधी मिळालीच नाही, तर नेतृत्व शिबिरातल्या खेळांतून येत नाही.

ओळखायचं कसं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. देणगीदार किती सत्रं झाली, किती शाळा आणि किती मुलं, हे विचारतील. ते द्या, पण स्वतःसाठी वेगळं तपासा. आम्ही साधारण अठराव्या महिन्यात फेलोला एक महिना दुसऱ्या केंद्रात पाठवतो. त्या महिन्यात मूळ शाळांत काय चालू राहिलं आणि काय थांबलं, ते मार्गदर्शक जाऊन पाहतो. वाचनाचा तास शिक्षकाने घेतला का? समितीची सभा कोणी बोलावली? शाळेत न आलेल्या मुलाच्या घरी कोण गेलं? जे थांबलं ते उरलेल्या सहा महिन्यांचं काम. हे फेलोला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून कोणाला तरी बरोबर घेऊनच काम करतो.

मुलांच्या प्रगतीचे आकडे पाहताना शाळेची सरासरी पुरत नाही. मुली आणि मुलगे, गावठाण आणि वस्ती, स्थलांतर करणारी आणि न करणारी मुलं, असं वेगळं करून बघा. सरासरी वाढली आणि वस्तीवरची मुलं होती तिथेच राहिली, असं होऊ शकतं. तसं झालं असेल तर समतेचं काम अजून सुरूच झालेलं नाही, आणि हे देणगीदारांनाही स्पष्ट सांगावं.

दोन वर्षांनंतरचीही तजवीज आत्ताच करा. तिसऱ्या वर्षी पूर्ण मानधन देता येणार नाही, पण महिन्याची बैठक, थोडा प्रवासखर्च आणि अडचणीत फोन घेणारा माणूस एवढं देता येईल. कोणी शिक्षक होईल, कोणी ग्रामपंचायतीला उभी राहील, कोणी परीक्षा पास होऊन तलाठी होईल. तलाठी झालेल्या फेलोलाही बैठकीला बोलवा. मुलांच्या जातीच्या दाखल्यांची कामं अडलेली असतात, तेव्हा त्यातून वाट कशी काढायची हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आणि वेळापत्रक शाळेच्या वर्षाप्रमाणे ठेवा. पुष्कळ संस्था एप्रिलमध्ये निधी आला की जाहिरात काढतात आणि फेलो ऑगस्टमध्ये शाळेत पोचतात. तोवर पटनोंदणी उरकलेली असते. जाहिरात जानेवारीत द्या, शाळेतल्या दिवसभराच्या निवडी मार्चअखेरीपर्यंत उरका, मेमध्ये शिबिर घ्या, म्हणजे जूनमध्ये शाळेची घंटा होईल तेव्हा फेलो दारात असेल. तुमच्या भागात ऊसतोड असेल तर कोणती मुलं आईवडिलांबरोबर जाणार याची यादी दसऱ्याआधी समितीबरोबर बसून करा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तेव्हाच पुढे पाठवा. कुटुंबं निघून गेल्यावर ती यादी करून उपयोग नसतो.